गोल जिना कापण्याबाबतचे कलम

मी, या कागदाखाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लोखंडी जिने, कठडे आणि जाळ्या बनवण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या डाव्या हाताने लिहून ठेवत आहे. तक्रार हृदयाची आहे, डोक्याची नाही. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालणे आजवर कोणाला जमलेलेही नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे खाली कारखाना व शिवणाची खोली, वर दोन खोल्या व स्वयंपाकघर, ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. माझ्यामागे ती पत्नीची, तिच्यानंतर मुलीची. जावयांनी सल्ला खुशाल द्यावा, न विचारता देतातच. हक्क मात्र सांगू नये.

कलम २. बँकेतील ठेव पत्नीला मिळावी. पासबुक लोखंडी कपाटात आहे. ते कपाट जिन्यात अडकले, म्हणून खिडकीचे गज कापून दोराने वर घ्यावे लागले होते. मुलीने त्यावर डोळा ठेवू नये. ते आहे तिथेच राहील.

कलम ३. वेल्डिंग मशीन, कटर व पाइप वाकवण्याचे यंत्र माझ्या कारागिराला द्यावे. बावीस वर्षे माझी बोलणी खाऊन तो टिकला. अट एकच. गोल जिना मागणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याने आधी विचारावे, वर कोण राहणार, वय काय, कोणता हात चालतो. मी जन्मभर फक्त जागा किती एवढेच विचारले.

कलम ४. माझा थोरला भाऊ गवंडी आहे. हे घर त्यानेच बांधले. सरळ जिन्याला अकरा फूट जागा सोड, असे तो म्हणत होता. मी म्हणालो, साडेचार फुटांच्या गोलात काम भागते, उरलेल्या जागेत कारखाना होतो. तो म्हणाला, "अरे, जिना माणसांसाठी असतो, गिऱ्हाइकांना दाखवायला नसतो. उद्या गुडघे बोलायला लागले की काय करशील?" मी म्हणालो, "तू विटा रच. लोखंडात नाक खुपसू नकोस." शब्दाने शब्द वाढला. अकरा वर्षे आम्ही बोललेलो नाही. माझ्यामागे मुलीने त्याच्या घरी जाऊन सांगावे की त्याचे बरोबर होते.

कलम ५. आता जिना. काम चोख आहे, ते मी मरतानाही नाकारणार नाही. तो पाहून गिऱ्हाइके ऑर्डर देत. पण मी डावखुरा. उतरताना कठडा डाव्या हाताला येईल असाच मी तो फिरवला, दुसरे काही मनातच आले नाही. तीन वर्षांपूर्वी पत्नीची डावी बाजू लुळी पडली. आता पायाने ती घरात फिरते, पण डाव्या हातात पकड नाही. उजवीकडे नुसता खांब, आणि खांबाशी पायरी चार बोटांची. पाठमोरी उतरलीस तर कठडा उजव्या हाताला येईल, असे मी सुचवले. ती म्हणाली, "माझ्याच घरात मी उलट्या पायांनी चालू?" तपासणीसाठी खुर्चीत बसवून न्यावे म्हटले, तर खुर्ची दुसऱ्याच वळणावर अडली. शेवटी चौघांनी चादरीत घालून पोत्यासारखे उतरवले. त्या दिवशी परत वर आल्यापासून तिने वरचा मजला सोडलेला नाही. तिची शिवणाची खोली खाली बंद आहे. गिऱ्हाइके रस्त्यावरून हाक मारतात, ती खिडकीतून बोलते.

सरळ जिन्याला जागा करायची तर कारखाना मोडावा लागतो. ते माझ्याच्याने झाले नाही. सबब, ~~माझ्या मृत्यूनंतर~~ कारखाना रिकामा करून तिथे सरळ जिना बांधावा. पायरी सहा इंचांहून उंच नसावी. कठडा दोन्ही बाजूंना असावा. तो उभा राहिल्यावर गोल जिना कापून भंगारात द्यावा.

कलम ६. वरील पाच कलमे आज सकाळी पत्नीला वाचून दाखवली. मला वाटले, ती समाधान पावेल. ती म्हणाली, "म्हणजे मी खाली यायचं तर तुम्ही मरायची वाट बघायची का?"

तीन वर्षे मी तिला हेच सांगत होतो, फक्त तोंडाने बोललो नव्हतो. याची मला लाज वाटते.

कलम ५ मधील दोन शब्दांची खाडाखोड माझीच आहे, बाजूला सही केली आहे. कलम ३ मधील यंत्रे उद्याच कारागिराकडे जातील. धंदा संपला. वाईट वाटते, तेही लिहून ठेवतो. कलम ४ मधील निरोप मी स्वतःच फोनवरून दिला. थोरला एवढेच म्हणाला, "टेप घेऊन येतो."

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. माझ्या हयातीत अमलात आणायचे ते कलम ५.

ठिकाण: राहत्या घराचा वरचा मजला
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार:
(सही) डॉक्टर, गल्लीच्या तोंडचा दवाखाना
(सही) थोरला भाऊ, गवंडी. काम उद्या सकाळी सुरू.