ब्रेकमधली हवा

नाथा,

मी देवळालीला पायी जातोय, दुपारी येईन. हरसूलच्या बाजाराची माणसं दहाला येतील. त्यांना गाडीत बसवण्याआधी ब्रेकचं पायडल दाबून पाहा.

महिनाभर ते मऊ लागत होतं, ब्रेक धरत नव्हता. वॉशर बदलले, तेल कुठे गळत नाही, म्हणजे नळीत हवाच. ती काढायला दोघं लागतात. तुझी वहिनी वर बसून पायडल दाबायची आणि स्टिअरिंगवर दोनदा बांगड्या वाजवायची. मग मी चाकामागचा नट ढिला करायचो.

आज सकाळी एकटाच गाडीखाली शिरलो. सवयीने "दाब गं" म्हणालो. दोनदा बांगड्या वाजल्या. नट ढिला केला तर तेल बुडबुड्यांसकट उसळून आलं. पायडल कुणी दाबलं नाही तर तेल नुसतं थेंबथेंब गळतं, हे तुलाही माहीत आहे. अशी चारी चाकं झाली. मी वर पाहिलं नाही. तिच्या बांगड्या तिच्या हातातच चितेवर गेल्या, तू होतास तिथे.

पायडल मी दाबून पाहिलेलं नाही. मऊ लागलं तर माणसांना परत पाठव, वाटेत घाट आहे. मला मात्र हवा तशीच राहिली असं सांगू नकोस. वॉशर पुन्हा गेला म्हण.

दादा