वाफाळत्या भातातली कॅप्सूल

अण्णा, काल शाळेत मी दूध गुलाबी केलं आणि मग तो रंग घालवून दाखवला. तुम्ही असता तर विचारलं असतंत, "यासाठी पगार देतात होय तुला?" देतात. एचएसआर लेआउटमधल्या शाळेत मी नववीला जीवशास्त्र शिकवते. दुधात थोडा सोडा आणि एक रसायन घातलं की ते गुलाबी होतं. मग त्यात लायपेज घालायचं, म्हणजे स्वादुपिंडातलं चरबी फोडणारं द्रव्य. चरबीतून आम्लं सुटतात, सोड्याचा जोर संपतो आणि पाच-सात मिनिटांत दूध पांढरं होतं. इतकी वर्षं करतेय, तरी मला दर वेळी नवल वाटतं. तुपाचा थेंब आतड्याला जसाच्या तसा घेता येत नाही. आधी पित्त त्याचे बारीक बारीक थेंब करतं, मग लायपेज एकेक थेंब बाहेरून कुरतडत जातं, तेव्हा कुठे तूप अंगी लागतं. दुसऱ्या नळीत मी उकळलेलं लायपेज घालते आणि ते दूध गुलाबीच राहतं. काल एका मुलीने विचारलं, "मॅम, इसमें भी सेम डाला ना?" तेच घातलंय, मी म्हटलं, पण ते उष्णतेने निकामी झालंय. बोलता बोलता मी थांबले, कारण मला तुमचं ताट दिसलं.

तेव्हा आपण हेब्बाळला राहत होतो. तुमचं स्वादुपिंड थकलं होतं, म्हणून डॉक्टरांनी हेच लायपेज कॅप्सूलमधून दिलं, जेवताना घ्यायला. कॅप्सूल तुमच्या घशाखाली उतरेना. मग मी ती उघडून आतले दाणे वाफाळत्या वरणभातात कालवायची, वर तुपाची धार. गार अन्न तुम्हाला चालायचंच नाही. बेळगावला असताना वाफ गेलेलं ताट तुम्ही आईकडे परत पाठवायचात. "स्वल्प आणखी सोड की गं," म्हणायचात, आणि मी सोडायची. ते सगळं तूप तसंच बाहेर पडत होतं. तुमचे शर्ट ढगळ होत चालले आणि मी मात्र तुमच्यावरच डाफरत होते, "कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात चोरून वडे खाता ना?" तुम्ही आईची शपथ घेतलीत, तरी मला खरं वाटलं नाही.

एका दुपारी तुम्ही अर्धं ताट बाजूला सारलंत. "तुझं एवढं तूप वाया घालवलं गं मी. ह्या पोटाला कदरच नाही. रागावू नकोस." मी म्हटलं, "असू द्या, अण्णा." त्याच रात्रीपासून मी ते दाणे सफरचंदाच्या गार गरात घालून, जेवता जेवता चमच्याने द्यायला लागले. महिन्याभरात तुमच्या गालांवर मांस चढलं. तुम्ही सगळं श्रेय तळ्याकाठच्या फिरण्याला दिलंत, आणि पुढे बरीच वर्षं रोज फिरलात.

हे पत्र वहीतच राहणार. घरात कुणाला दाखवायचं माझं धाडस नाही. गरम अन्नात मिसळू नये, असं सांगणारं डबीतलं पत्रक मी त्या दुपारच्या आदल्या दिवशीच वाचलं होतं. तरी तुम्ही माफी मागितलीत, तेव्हा मी तुम्हाला माफ केलं.