हळद कोरडी राहिली

आबा, लेकीच्या गाडीत पाणी येतंय. गाडी जुनीच आहे, तिने हौसेने घेतलेली. गॅरेजवाल्याने दाराचं रबर बदलून दिलं तरी पाऊस झाला की पायाखालची मॅट भिजतेच. परवा मी स्वयंपाकघरातून हळदीचा डबा आणला आणि गाडीच्या तळाला, दारांच्या कडेला हळद भुरभुरवली. लेक कपाळाला हात लावून बघत राहिली. तिला म्हटलं, तुझ्या आजोबांची विद्या आहे, हसू नकोस. मग सगळं सांगत बसले, आणि सांगता सांगता जाणवलं, की यातलं बरंचसं तुमच्याशीच बोलायचं राहून गेलंय.

तुम्ही पलटणीतून ड्रायव्हर म्हणून सुटून आलात आणि सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याकडून ती काळी, फुगीर बॉनेटची गाडी घेतलीत, भाड्याने चालवायला. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरात तुम्ही आणि मी. माझी वेणीही तुम्हीच घालायचात, आणि ती इतकी करकचून, की शाळेत मी दिवसभर चकित झाल्यासारखी दिसायचे. पुढे माझं साताऱ्याला लग्न झालं. जावई फौजी, त्यामुळे सासरी बहुतेक वेळ सासूबाई आणि मीच. पहिल्या आषाढात तुम्ही मला माहेरी न्यायला गाडी घेऊन आलात, आणि परत सोडलंत तेव्हा वाटेत एवढा पाऊस लागला, की मी पाय सीटवर घेऊन बसले. दारात उतरले ती नेसूचं पिळत. सासूबाईंनी गाडीकडे एकदा असं बघितलं, की तुम्ही ओट्यावरही न टेकता निघालात.

त्यानंतर तुम्ही गळतीच्या मागेच लागलात. पाणी दाराशी दिसतं, तेव्हा दारच गळतंय असं तुम्ही धरून चाललात. माळवदाच्या फटीत गूळ-चुना भरतात, तोच दाराच्या सांध्यात भरलात. सांगलीत गुळाला काय तोटा! पाणी यायचं ते आलंच, वर मुंग्या आल्या. एका लग्नाच्या भाड्याला नवरदेव वाटेत तीनदा उतरून धोतर झाडत होता म्हणे. हे तुम्ही मला पत्रातून कळवलं होतंत आणि मी माजघरात एकटीच हसत सुटले होते.

पुढच्या पावसाळ्यात मला सातवा महिना होता. बहात्तरचा दुष्काळ मागे पडून दोन वर्षं झाली होती, पाऊस पुन्हा बरे लागत होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. पण सासूबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं, की त्या गळक्या गाडीतून दोन जिवांच्या पोरीला धाडणार नाही, आणि एसटीचे हादरेही नकोत. मला मात्र सांगलीलाच यायचं होतं, तुमच्याजवळ.

तुम्ही आलात ते शर्टाच्या बाह्या वर करूनच. अंगणात गाडी लावलीत, आतलं सगळं काढून वाळत घातलंत, कोरड्या फडक्याने तळ पुसलात आणि हळदीची पिशवी सोडलीत. पाण्याच्या वाटेवर हळद काळसर होते, हे हळदीच्या गाडीतच तुमच्या ध्यानात आलं असणार. आता कुणीतरी आत बसून बघायला हवं होतं. मी पुढे झाले, तर सासूबाईंनी मला मागे ओढलं, वाकून बसू नकोस म्हणाल्या, आणि पदर खोचून स्वतःच आत जाऊन बसल्या. जन्मात कधी मोटारीत न बसलेली बाई! अजून मला त्या दिसतात. काचा वर चढवलेल्या, हातात बॅटरी, आणि तोंडावर परीक्षा घेणाऱ्या मास्तरांचा भाव.

तुम्ही तांब्याने पाणी ओतताय. आधी खाली, दाराच्या तळाशी. मग थोडं वर. मग काचेच्या कडेला. एकदम टपावर ओतलं तर काहीच कळणार नाही, असं मला समजावताय. माझ्या घरचं पाणी तुम्ही तोपर्यंत तोंडाला लावलं नव्हतंत, लेकीला मूल होईतो लावायचं नाही म्हणून. सासूबाईंनी काच जराशी खाली केली. "पावनं, गाडीला आमचं पाणी चालतंय, आन तुमाला न्हाई व्हय?" तुम्ही इतके लाजलात, की तांब्या हातातून सुटला.

पाणी दारातून येतच नव्हतं. काचेखाली, बॉनेटजवळ हवेसाठी जी झडप होती, तिथे तुम्ही ओतलंत आणि सासूबाईंनी आतून टकटक केलं. वायरीच्या आडून पाणी सरकत सरकत दाराशी उतरत होतं, आणि मागे हळदीवर काळा ओघळ. झडपेतलं पाणी बाहेर काढणारी नळी कडुनिंबाच्या कुजक्या पाल्याने गच्च भरली होती, वरून ती चिरलेलीही होती. सांगलीत गाडी त्या कडुनिंबाखालीच उभी असायची ना. तुम्ही तारेने पाला ओढून काढलात, चिरलेल्या नळीच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आवळून बांधलात, आत पुसून नवी हळद टाकलीत आणि चांगल्या बादल्याच्या बादल्या ओतल्यात. हळद कोरडी राहिली.

मला वाटलं, झालं. पण सासूबाई गाडीतून उतरेनात. हातातली बॅटरी विझवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गाडी झाली वो. पर घरात बाईमाणूस न्हाई. पोरीचं करायचं कुणी?"

तेव्हा मला कळलं, अडलं होतं ते इथे. आईविना घरी सून धाडायची कशी, हे तोंडावर विचारवेना, म्हणून इतके दिवस गाडीचं नाव. तुम्ही हात पुसायला घेतलेलं फडकं खांद्यावर टाकलंत. मग म्हणालात, "इनबाई, तिची आई गेल्यापासनं तिचं समदं म्याच केलंय. ह्येबी करीन. भनीला कडेगावास्नं आणलीया. मला येत न्हाई ते तिला इचारीन."

सासूबाई बाहेर आल्या, घरातून त्यांची स्वतःची वाकळ आणली, मागच्या सीटवर चौपदरी घालून हाताने दाबून पाहिली आणि मला म्हणाल्या, बस. त्यांच्यावर माझा त्या क्षणी इतका जीव जडला, की पाया पडताना उठवेना.

कराडच्या पुढे पावसाने गाठलं. तुम्ही दर थोड्या वेळाने विचारताय, पाय कोरडे हायत न्हवं, आणि मी हो म्हणतेय. बाहेर नुसता धुरळा पावसाचा, आणि मी वाकळीवर ऐसपैस बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतेय. एवढी सुखी मी फार थोड्या वेळा झाले असेन.

हे सगळं लेकीला सांगितलं. एक मात्र तिला सांगितलं नाही, तुम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. हा कागद कुठे धाडायचा नाहीच, म्हणून लिहिते. ती झाली तेव्हा नर्सबाई घरीच आली होती, आत्या उशाशी होती, तुम्ही दाराबाहेर ओट्यावर. नर्सबाई म्हणाली, दाबून ठेवू नको, आईला हाक मार, सगळ्याच मारतात. मी हाक मारली, ती "आबा" अशी. नर्सबाई हसली. आत्याने तोंडाला पदर लावला. बाहेर तुम्हाला ऐकू गेलं की नाही, हे विचारायची मला पुढे कायम लाज वाटली. पण खरं सांगते, त्या वेळी मला आई आठवलीच नाही हो.