समुद्रातले खुंटे

सुलतानपूर,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. अर्पितास,
उत्तमकाकाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. आम्ही दोघे सुखरूप पोचलो. तू मोबाईलवर विचारलंस, मी अंगठा वर केला. पण नुसत्या अंगठ्याने खुशाली कळते यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही, म्हणून हे पत्र. तूही उत्तर कागदावरच पाठव.

मालवणला तू आमचं फार केलंस. तुझी काकू आल्यापासून गावाला समुद्र सांगून राहिली आहे आणि रोज तो थोडा वाढतो. सव्वीस वर्षं वर्गात भूगोल मी शिकवला, पण समुद्राबद्दल विचारायचं तर गाव तिच्याकडे जातं. खारं पाणी आपल्या लोणारलाही आहे म्हणा. पण त्यात मासा नाही, त्यामुळे बढाईला वाव कमी पडतो.

एक गंमत तुला सांगायची राहिली. तू काकूला घेऊन किनाऱ्यावर होतीस तेव्हा सहदेवने त्याच्या बोटीतून मला मासे दाखवायला नेलं. पाण्यात उतरलो तर छातीएवढ्या पाण्यात चांगला रुंद दगड लागला. त्यावर उभं राहून, दोन्ही हात पसरून मी फोटो काढून घेतला. पायाखाली कट्कन काही तरी वाजलं आणि पंजाएवढा तुकडा निघाला. वर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी! आठवण म्हणून पिशवीत टाकला.

फोटो फ्रेम करून बैठकीत लावला आहे. तुकडा काकूने शेताच्या धुऱ्यावरच्या निंबाखाली ठेवला, आणि ठेवला तो शेंदूर लावूनच. आपल्याकडे वेगळा दिसणारा दगड फार दिवस नुसता दगड राहू शकत नाही. कालपर्यंत दोन नारळ आले. वेल्डिंगवाला गफ्फारभाई विचारत होता की मास्तर, हा देव कोणत्या गावचा, आणि याचे पाहुणे कवा येतात.

प्रकृतीला जप. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
उत्तमकाका


मालवण,
६ डिसेंबर २०२४

ती. काकांस,
अर्पिताचा शि. सा. न.

वि. वि. पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचून हसले, दुसऱ्यांदा वाचून रडले आणि आता रागावून लिहिते आहे. धाकटी म्हणून पोटात घाला.

काका, तो दगड नव्हता. ते प्रवाळ होतं. तुम्हाला जी नक्षी वाटली त्यातल्या एकेका भोकात एकेक जिवंत प्राणी राहत होता. हजारोंनी मिळून बांधलेलं ते घर वर्षाला जेमतेम बोटाच्या पेराएवढं वाढतं. तुम्ही ज्याच्यावर हात पसरून उभे राहिलात ते आजोबांपेक्षा वयाने मोठं आहे. त्याचा तुकडा घरी नेणं कायद्याने गुन्हा आहे, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. भूगोलाच्या मास्तरांना सांगावं लागेल असं वाटलं नाही, ही माझी चूक.

तुम्ही एकटे नाही म्हणा. रिसॉर्टचे पाहुणे रोज तेच करतात, आणि त्याहून वाईट म्हणजे बोटी. प्रत्येक बोटवाला पाहुण्यांना मासे दाखवायला थांबतो आणि तिथेच लोखंडी नांगर टाकतो. तो नेमका प्रवाळावर पडतो आणि ओढताना घासत जातो. आपल्या खळ्याएवढ्या जागेत मी प्रवाळाची चारशे पिल्लं जाळीवर बांधून लावली आहेत. पुढच्या डिसेंबरात मोजणी आहे. निम्मी जगली तर आमचं प्रवाळ संशोधन केंद्र चालू राहील. नाही जगली तर केंद्र बंद, आणि ती जागा रिसॉर्टला तरंगता मंच बांधायला मोकळी. बाबा तर वाटच पाहून आहेत. लोणारला शिकवणी वर्ग काढ म्हणतात.

नांगर पडू नये म्हणून सरकारी खात्याने बोटी बांधायला दहा तरंगते बोये सोडले होते, वर आकडे टाकून. आठवड्यात सात नाहीसे झाले. दोरी चांगली होती ना!

काकूला नमस्कार. रागावले तरी तुमचीच आहे, हे लक्षात असू द्या.

आपली,
अर्पिता


सुलतानपूर,
२० डिसेंबर २०२४

चि. अर्पितास,
काकाचे आशीर्वाद, जरा खालच्या मानेने.

वि. वि. तुझं पत्र काकूला मोठ्याने वाचून दाखवलं, ही माझी दुसरी चूक. मी फ्रेम काढायला निघालो तर ती म्हणाली, राहू द्या. तुमचं पोट पाण्यात बुडालेला हा एकच फोटो आहे. तेव्हा फ्रेम आहे तिथेच आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, की हे पहा, आमचे मास्तर जित्या जनावरावर उभे आहेत.

धुऱ्यावरचे नारळ तिने बंद केले. बायांना स्वच्छ सांगितलं की हा देव नाही, कोण्या बिचाऱ्याचं घर आहे, आणि आमच्या माणसाने ते मोडून आणलं. आता बाया नारळ आणत नाहीत, माझ्याकडे पाहतात. नारळ परवडले असते.

तुझ्या बोयांचं मी गफ्फारभाईला सांगितलं. त्याने समुद्र फक्त टीव्हीत पाहिला आहे, पण तो जन्मभर बैलांच्या खुंट्यांच्या कड्या घडवतो आहे. तो हसायलाच लागला. म्हणे, सरकारचा खुंटा म्हंजे कोणाचाच खुंटा नाही, तो काऊन टिकन? त्याने मला आठवण करून दिली. एका बाजारगावी (नाव सांगत नाही, माझी सासुरवाडी आहे) ग्रामपंचायतीने बैलबाजारात आकडे टाकून वीस लोखंडी खुंटे ठोकले. तिसऱ्या बाजाराला वीसही लोकांच्या गोठ्यांत पोचले. दोन माझ्याकडे आहेत, आकडा चौदा आणि पंधरा. पण त्याच बाजारात जे खुंटे लोकांनी स्वतः ठोकले, ज्याच्या त्याच्या खुणेचे, ते तीन-तीन पिढ्या हललेले नाहीत. दुसऱ्याच्या खुंट्याला कोणी बैल बांधत नाही. बांधला तर लग्नाचं आवतन बंद होतं.

तर पोरी, आकडे पुसून टाक. प्रत्येक बोटवाल्याला त्याचा खुंटा दे. जागा तू दाखव, वाळूतली, प्रवाळापासून लांब. पण तिथे कोणाचा कोणता ते त्यांनाच भांडून ठरवू दे. तळाचं सिमेंटचं वजन त्यांच्या हाताने ओतू दे, खूण त्यांची असू दे. गफ्फारभाईने बारा कड्या घडवल्या आहेत, गंजू नये म्हणून जस्त चढवून. एस.टी.च्या पार्सलने येतील. त्या माझ्याकडून दंड समज.

रागाचं पत्रही चालेल, पण पत्र येत राहू दे.

तुझा गुन्हेगार,
उत्तमकाका


मालवण,
१८ मार्च २०२५

ती. काकांस,
शि. सा. न.

वि. वि. कड्या मिळाल्या. सहदेवने उलटसुलट करून पाहिल्या आणि मला विचारलं की समुद्रात बैल बांधणार आहात का. मी सांगितलं, होय, तुम्हालाच. सगळी बोट हसली, पण दुसऱ्या दिवशी तो सिमेंट कालवायला आला. त्याची बायको सुचिता त्याच्यापेक्षा हुशार. तिने खुंट्याच्या दोरीला वर तरंगणाऱ्या डब्यावर बोटीचं नाव लिहिलं, वर नवऱ्याचं लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात स्वतःचंही. महिन्यात बारा खुंटे उभे राहिले. रिसॉर्टच्या व्यवस्थापकांना ते डबे पाहुण्यांच्या फोटोत येतात म्हणून आवडत नाहीत. त्यांचं राहू द्या.

पण काका, शिमग्याच्या गर्दीत सगळं विस्कटलं. बाहेरून आलेल्या एका बोटवाल्याने सहदेवच्या खुंट्याला बोट बांधली. सहदेव आला, त्याने पाहिलं, आणि भडकून सरळ जाऊन आपला नांगर टाकला तो माझ्या जाळ्यांवर. त्रेचाळीस पिल्लं मोडली. मग दोघांची अशी जुंपली की पाहुणे मासे सोडून त्यांच्याकडे पाहत बसले. मी पाण्यात होते, मुखवट्याच्या आत रडत होते. मुखवट्यात रडलं की काच धुरकट होते, हे नवीन कळलं.

उन्हाळा अजून पुढे आहे. पाणी फार तापलं तर प्रवाळ पांढरं पडून मरतं. बाबांना मी अजून काही कळवलेलं नाही. तुम्हीही कळवू नका.

तुमच्या दोन ओळींची वाट पाहणारी,
अर्पिता


सुलतानपूर,
२९ मार्च २०२५

चि. अर्पितास,
अनेक आशीर्वाद आणि मनापासून अभिनंदन!

वि. वि. रागावू नकोस. त्रेचाळीस पिल्लांचं मलाही लागलं. पण तुझं पत्र ऐकून गफ्फारभाईने हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाला, पोरीले सांगा, काम झालं. सात सरकारी बोये गेले तेव्हा कोणी कोणाशी भांडलं होतं का? आता एका खुंट्यासाठी दोन माणसं हातघाईवर आली. म्हंजे तो खुंटा आता त्याचा झाला.

आता भांडणाला वाट काढून दे. आपल्याकडची रीत तुला ठाऊक नसेल. दुसऱ्याच्या खुंट्याला ज्याने बैल बांधला, त्याने त्या दिवशी खुंटेवाल्याच्या बैलाला चारापाणी करायचं आणि चार माणसांत हसू करून घ्यायचं. चाऱ्यापेक्षा हसू जास्त लागतं. हे मी आता स्वानुभवाने सांगतो. तुमच्याकडे काय करायचं ते सुचिताला विचार. ती काहीतरी बारीक अक्षरातलं सुचवेल.

गणेशला मी काही बोलणार नाही. तो तुझा बाप असला तरी माझा धाकटा भाऊ आहे. तू घाबरून परत येऊ नकोस. आलीस तर जेवायला घालीन, पण बोलेन फार.

आशेला धरून राहा, आम्हीही राहतो.

तुझा,
उत्तमकाका


मालवण,
१४ डिसेंबर २०२५

ती. काकांस व ती. सौ. काकूंस,
शि. सा. न.

वि. वि. इतके महिने नुसते अंगठे पाठवले, क्षमा करा. मोजणी होईपर्यंत कागदावर काही लिहायचं धैर्य नव्हतं.

सुचिताने रीत ठरवली. दुसऱ्याच्या खुंट्याला बांधणाऱ्याने त्या दिवशी त्याची बोट घासून धुवायची, भर किनाऱ्यावर, सगळ्यांसमोर. शिमग्यानंतर तिघांनी धुतली. चौथा अजून व्हायचा आहे. नारळी पौर्णिमेला बायकांनी दर्याला नारळ दिला आणि मग आपापल्या खुंट्याला हळदकुंकू वाहिलं. मी कोणाला सांगितलं नव्हतं. काकू पोळ्याला गोठ्यात करतात ते आठवलं आणि घर फार जवळ वाटलं. आता बाहेरचा कोणी नांगर हातात घेतो तेव्हा मी ओरडायच्या आधी सहदेव ओरडतो, आणि त्याचे शब्द माझ्यापेक्षा चांगले आहेत. पाहुण्यांना तो आता पाण्यात उभंही राहू देत नाही. सुलतानपूरच्या एका मास्तरांची गोष्ट सांगतो.

काल मोजणी झाली. मे महिन्यात पाणी तापलं तेव्हा बरीच गेली. पण चारशेपैकी दोनशे अडतीस जिवंत आहेत. केंद्र आणखी तीन वर्षं चालणार. बाबांना मीच फोन केला. त्यांनी विचारलं की मुखवट्याची काच मोठ्या माणसाच्या मापाची मिळते का.

मोजणी संपल्यावर सहदेव मला तुमच्या दगडाकडे घेऊन गेला. त्याला जागा बरोबर आठवत होती, बोलला नव्हता इतकंच. तुकडा निघाला तिथे उघडी खोक आहे, पण तिच्या कडेने नवी तपकिरी किनार आली आहे, नखाएवढी. फोटो सोबत पाठवते.

लोभ तर कमी होऊ देऊ नकाच, शिवाय या वेळी पाण्यावर तरंगायला शिकून या.

आपली,
अर्पिता


सुलतानपूर,
२३ डिसेंबर २०२५

चि. अर्पितास,
पोटभर आशीर्वाद.

वि. वि. पत्र गफ्फारभाईच्या दुकानात उभ्यानेच वाचलं. त्याने सगळ्यांना चहा पाजला आणि दोनशे अडतीस हा आकडा दारावर खडूने लिहिला. गिऱ्हाईक विचारतात, हे काय, तर म्हणतो, आमची जनावरं आहेत, समुद्रात चरायले सोडली.

मी आकडा चौदा आणि पंधराचे खुंटे मागच्या बाजाराला परत नेऊन ठोकले. सासुरवाडीत थोडं हसू झालं. आता सवय आहे.

तुझा फोटो काकूने त्याच फ्रेममध्ये बसवला. माझा काढला नाही, वरून तुझा लावला. म्हणजे मागे मी अजून हात पसरून तिथेच उभा आहे. पण बैठकीत येणाऱ्याला मी दिसत नाही, फक्त ती नखाएवढी किनार दिसते. काकू रोज फडक्याने काच पुसते आणि मला विचारते, वाढली का हो?

मी तिला सांगितलं की वर्षाला बोटाचं एक पेर. ती म्हणाली, मग आपल्याले थांबा लागते.

थांबतो आहोत.

तुझा,
उत्तमकाका