शहाडचा नाग

आई, काल समोरच्या काकूंकडे वाटी परत द्यायला गेले होते. त्यांच्याकडे हल्ली केबल आहे, त्यामुळे दार दिवसभर उघडं असतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या बसवून घेतात. पडद्यावर एक गोरा माणूस, खाकी हाफपॅन्टीतला, गवतात पालथा पडून एका नागासमोर तोंड नेऊन काहीतरी बडबडत होता. "बस गं," काकू म्हणाल्या, "बघ तरी मेल्याचं डेअरिंग. जिवाची पर्वा म्हणून नाही." आवाजात नुसतं कौतुक. तू गेलीस तेव्हा याच काकू जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "घरी दोन मुलं आहेत, बाईमाणसाने पडायचंच कशाला असल्या भानगडीत?" आमचं दार तेव्हा उघडं होतं आणि मी आत आहे हे त्यांना माहीत होतं. काल मला फार विचारावंसं वाटलं, की काकू, या माणसाला मुलं किती? नाही विचारलं. वाटी ठेवली, घरी आले आणि तुला लिहायला बसले. हे कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही.

तुझ्याबद्दल तुलाच काय सांगायचं, पण मांडून बघितल्याशिवाय मला सरळ विचार करता येत नाही, आणि ही सवय तुझीच. ठाण्यात, नौपाड्यातल्या शाळेत तू सातवी-आठवीला विज्ञान शिकवायचीस आणि शाळा सुटली की पदर खोचून लोकांच्या मोऱ्यांतून, माळ्यांवरून साप काढायचीस. पकडलेला साप येऊरच्या जंगलात सोडायला रविवार उजाडावा लागे. तोवर तो उशीच्या अभ्र्यात घालून, गाठ मारून, स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेला असे, आणि तू शेजारीच कणीक तिंबत उभी. बाबा पाणी प्यायला आत येताना दार अगदी हलक्या हाताने लोटायचे. मग टीव्हीवाल्यांना तुझा पत्ता लागला. शनिवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं तू दिसायला लागलीस. बघणाऱ्यांना तेव्हा दुसरं चॅनेलच नव्हतं, त्यामुळे सगळा महाराष्ट्र तुला ओळखायला लागला. कार्यक्रम संपवताना तू दर वेळी एकच सांगायचीस. साप दूध पीत नाही, साप पुंगी ऐकत नाही, साप डूख धरत नाही. गल्लीतली पोरं तुझी नक्कल करायची, तुझ्यासारखं बोट वर करून.

आणि शहाडला तुला नाग चावला. नदीच्या बाजूच्या एका चाळीत, चुलीमागच्या लाकडांत होता. टीव्हीची गाडी बरोबर होतीच. कल्याणहून ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात आणेपर्यंत तुझ्या पापण्या उचलत नव्हत्या. मी धावत पोचले तेव्हा नळ्या लावलेल्या होत्या आणि तू कोणाशीच काही बोललेली नव्हतीस. त्या शनिवारी तुझ्या वेळेला पडद्यावर तुझा फोटो आणि सनईचं दुखवट्याचं संगीत लावलं होतं.

पुढे जे झालं ते तुला बघावं लागलं नाही, त्यात तुझं नशीब चांगलं. कार्यक्रमातलं तुझं शेवटचं वाक्य ज्यांना तोंडपाठ होतं त्याच लोकांनी ठरवलं की नागाने डूख धरला. कोणी म्हणे, आधी नागीण पकडली होती, तिचा जोडीदार मागावर होता. कोणी म्हणे, देवाला पिशवीत घालतात का? आत्या नाशिकहून आली आणि बॅग खाली ठेवायच्या आत तिने नारायण नागबळीचा विषय काढला. जिने आयुष्यात एक साप मारला नाही तिच्यासाठी सर्पहत्येचं प्रायश्चित्त. पेपरात वाचकांची पत्रं आली. एका गृहस्थांनी लिहिलं होतं की शिक्षिकेने मुलांसमोर असा आदर्श ठेवावा काय. तुझ्या शाळेने शोकसभा घेतली. व्यासपीठावर तुला वाघीण म्हणाले, दोन मिनिटं उभे राहिले, आणि खाली बटाटेवडे खाताना त्यातलाच एकजण दुसऱ्याला म्हणाला, "खरं सांगू का, बाईंना प्रसिद्धीचा नाद लागलेला." तोंडात वडा होता त्याच्या. इतकी वर्षं झाली तरी तो वडा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

पण सगळ्यात वर कोपर गावची पोरं. चौथ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात कुठल्याशा मंडळाची चार-पाच पोरं उभी, आणि दोघांच्या मध्ये आडव्या बांबूवर लोंबकळणारी एक लांबलचक धामण, डोकं ठेचलेलं. "ताई, आईंना चावला ना," त्यातला पुढचा म्हणाला, "आम्ही बघितला याला खाडीकडे, सोडला नाय. आईंचा बदला घेतलेला आहे." डोळ्यांत पाणी होतं गं त्याच्या, खरंखुरं. दर शनिवारी बघत असणार तुला. धामणीला विष नसतं, ती उंदीर खाते, तिला मारू नका, हे तू किती वेळा सांगितलंस ते मोजायची सोय नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा मागून आले. त्यांनी धामणीकडे बघितलं, पोरांकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं केलंत." पोरांनी त्यांच्या पाया पडून धामण खाली नेली आणि नाक्यावर ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावी म्हणून.

तेव्हापासून मी तुझी वकील झाले. सोळा वर्षांची मी, अख्ख्या ठाण्याशी भांडत होते. कॉलेजात भांडले, लग्नाच्या बोलण्यात भांडले. एका स्थळाच्या आईने, "तुमच्या आईंचं ते असं व्हायला नको होतं, नाही?" एवढंच म्हटलं, तर मी पोह्यांची बशी उचलून आत नेली. तुझ्यावर कोणी बोट ठेवलं की मी तयारच. जमावाने तुला इतकी नावं ठेवली की मला तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द बोलायला जागाच उरली नाही. आणि मला बोलायचं होतं. त्यांच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं.

कारण धामणीच्या दुसऱ्या दिवशी तुझे कॅमेरावाले काका आले होते. आत या म्हटलं तरी उंबऱ्याशीच बसले. बाबा खाली गेले होते, म्हणून मलाच सांगितलं त्यांनी. म्हणाले, "पोरी, मॅडमनी पहिल्या फटक्यात धरलेला त्याला. पिशवीत टाकून गाठ मारून मोकळ्या झालेल्या. माझी टेप अडकली, काहीच आलं नव्हतं. मी म्हटलं, राहू द्या मॅडम, नुसती पिशवी दाखवू. तर त्याच म्हणाल्या, नाही, लोकांना नीट दिसलं पाहिजे. आणि गाठ सोडली." मग बाबा वर यायच्या आत ते चपला घालून निघून गेले. बाबांना ते कधी सांगू शकले नाहीत, मीही नाही.

म्हणजे नाग पिशवीत होता. त्या घरातली बाई चूल पेटवायला मोकळी झाली होती, तिची पोरं वाचली होती, तुझं काम संपलं होतं. आणि तुला आठवतं का, मी पाचवीत असताना मैत्रिणींना दाखवायला म्हणून त्या खिळ्यावरच्या अभ्र्याची गाठ सोडली होती? आत साधा दिवड होता, पाण्यातला. तू मला मारलं नाहीस, तुझा स्वभाव नव्हता तो. पोरींना घरी पाठवलंस, मला समोर बसवलंस आणि म्हणालीस, "तो घाबरलेला जीव आहे. तो तुझ्या मैत्रिणींसाठी नाही. पकडला की एकदाच काढायचा, सोडताना." मी रडले तरी तू जवळ घेतलं नाहीस. पुन्हा म्हणून दाखव म्हणालीस आणि मी हुंदके देत ते म्हणून दाखवलं. शहाडला तुझ्यासमोर कोण होतं तुला म्हणायला लावणारं? लोकांना दिसलं पाहिजे म्हणे. कोणत्या लोकांना, आई? वडा खाणाऱ्या? बांबूवर धामण आणणाऱ्या? त्यांच्यासाठी तू गाठ सोडलीस, आणि मी आणि धाकटा घरी तुझी वाट बघत होतो. बघ, शेवटी मीही काकूंसारखंच बोलले.

दहाव्याला घाटावर मुलींनी यायचं नसतं असं सगळे म्हणत होते, मी गेले. धाकट्याने पिंड मांडला, एवढंसं धोतर सारखं सुटत होतं त्याचं. कावळे भरपूर, पण पिंडाकडे एक फिरकेना. झाडावर बसून नुसते बघतायत. बाबांनी हात जोडून सांगितलं की मुलांचं शिक्षण पुरं करीन. नाही. आत्याने सांगितलं की पोरीचं लग्न थाटात करू. नाही. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. मग मामा पुढे झाला, तुझा लाडका भाऊ. म्हणाला, "ताई, तुझी चूक तुला कळली आहे, आम्हाला माहीत आहे. या घरात पुन्हा कोणी सापाला हात लावणार नाही. जा आता सुखाने." आणि एक कावळा खाली उतरला, मान वाकडी करून बघितलं आणि भाताला चोच लावली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या नौपाड्याला कळलं. जाता जाता बाईंनाही पटलं हो, असं भाजीच्या गाडीवरसुद्धा बोलत होते. तुझ्या तोंडून जिवंतपणी जे कोणाला वदवता आलं नसतं ते त्यांनी एका कावळ्याकडून वदवून घेतलं. मी आजही प्रत्येकाला ठणकावून सांगते की त्या सकाळी घाटावर आणखी तीन घरांचे पिंड होते, कावळ्यांची पोटं भरलेली होती, पुन्हा भूक लागली तेव्हा एक आला. तू असतीस तर हेच सांगितलं असतंस, बोट वर करून. कालसुद्धा काकूंनी तो विषय काढला असता तर मी हेच सांगितलं असतं.

तुला तेवढं खरं सांगते. चोच लागली तेव्हा मला कावळ्याचं पोट वगैरे काही सुचलं नव्हतं. मला वाटलं, तू कबूल केलंस. देवाचं नाही, डुखाचं नाही, बाईमाणसाने काय करावं त्याचंही नाही. शहाडला मारलेली गाठ सोडायला नको होती, एवढंच. ते तू मला सांगितलंस असं वाटलं. त्या दिवशी घरी आल्यावर मी पहिल्यांदा पोटभर जेवले.