बक्षीस समारंभाआधीची गोळी

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन परवा वर्ष होईल. पत्र लिहायचं मनात नव्हतं. पण आज वर्गात एका मुलीने प्रश्न विचारला आणि मला पुढे शिकवताच येईना.

फार्मसी कॉलेजात आज ॲलर्जीच्या गोळ्यांचा धडा होता. मी सांगत होते, धूळ नाकात गेली की काही जणांचं शरीर तिला शत्रू समजतं. पेशी हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतात. नाकातल्या नसांवर त्याच्या ठरलेल्या जागा असतात; तिथे ते चिकटलं की शिंका आणि खाज सुरू! गोळी हिस्टामिनला मारत नाही, ती जागा अडवून बसते. म्हणून शिंका सुटण्याआधीच घेतलेली बरी.

"मॅडम, मग झोप का येते?"

जुन्या गोळ्या मेंदूतही शिरतात, मी म्हटलं. तिथे हिस्टामिन माणसाला जागं ठेवतं. गोळी त्यालाही अडवते. मग कितीही ठरवा, डोळे मिटतातच.

हे बोलले आणि तुम्ही दिसलात. माझ्या दहावीच्या बक्षीस समारंभात, दुसऱ्या रांगेत, मान छातीवर टाकून गाढ झोपलेले.

किती चिडले होते मी! मार्केट यार्डात दिवसभर धान्याची पोती तोलायची, धुळीने शिंकून बेजार व्हायचं, हे काय मला माहीत नव्हतं? तरी मी म्हणाले, "झोपायचंच होतं तर आलात कशाला?" तुम्ही नुसतं "चुकलं गं" म्हणालात. भांडायचंत तरी!

पुढे पाहुण्यांसमोर तो किस्सा कितीदा रंगवून सांगितला मी. तुम्हीही हसायचात.

आज घरी आल्या आल्या आईला विचारलं, "त्या दिवशी बाबांनी गोळी घेतली होती?"

मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "एक नाही, दोन. म्हणाले, शिंकलो तर पोरीला मैत्रिणींसमोर लाज वाटेल."

बाबा, का नाही सांगितलंत?

आणि मी तरी काय केलं? जगाला औषधं शिकवली. तुमच्या सदऱ्याच्या खिशात कुठली गोळी असते, ते एकदाही पाहिलं नाही.

अजून जिन्यात कुणी शिंकलं की मी दार उघडते. वरचे जोशीकाका असतात. "कुणी यायचंय का?" विचारतात. नाही म्हणते.

शनिवारी तुमच्या गाळ्यावर जाणार आहे. तुमचे जोडीदार दगडूकाका अजून तसेच शिंकतात, मिळेल ती गोळी गिळतात. त्यांना डॉक्टरांकडे नेईन. फारशी झोप न आणणाऱ्या गोळ्याही असतात, तोंडाला फडकं बांधायचं असतं, हे शेजारी बसून सांगेन. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

पुढच्या महिन्यात त्यांच्या नातीचा शाळेत नाच आहे. काका तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतील, बाबा. हा माझा शब्द.

तुमची,
मनी