कॅमेरा हलवू नये

सोमवार, १ सप्टेंबर

कॉफी ठेवायला गेले आणि व्यवस्थापक होऊन परत आले!

स्थानिक दूरदर्शनची खास सभा होती, आमचा व्यवस्थापक हालवोर गेल्यानंतरची पहिली. पंधरा माणसं आली होती आणि सगळ्यांची नजर आपापल्या बुटांवर. त्याच्या जागी कोण, हा विषय निघाला तेव्हा मी आतल्या खोलीत किटली भरत होते. बाहेर आले तर टाळ्या. सोल्वी (शाळेची मुख्याध्यापक आणि आमच्या मंडळाची अध्यक्ष) म्हणाली, एकमतानं निवडलं हो तुला. एकमतानं! माझं मत कुणी विचारलं?

सदुसष्टाव्या वर्षी. तीस वर्षं मासळीच्या शेडमध्ये वजनकाट्यावर बसले. मासा खोटं बोलत नाही आणि काटाही नाही. इथं भिंतभर बटणं आहेत.

मंगळवार, २ सप्टेंबर

जुन्या पोस्टाच्या माडीवर दोन खोल्या, एवढंच आमचं दूरदर्शन. रविवारी चर्चची प्रार्थना, गुरुवारी बातम्या, कधी गायकवृंद. बाकी दिवसभर खिडकीतून धक्क्याकडे रोखलेला कॅमेरा: फेरीबोट येते, फेरीबोट जाते, मधल्या वेळात पाणी.

हालवोरनं वही ठेवलीय. शहाणा माणूस, पण अक्षर म्हणजे खेकडा चालून गेल्यासारखं. ‘निळं आधी, मग लाल, मग थांबणे.’ किती थांबणे? लिहिलेलं नाही. ‘रोज १०.५० ला कॅमेऱ्याची काच पुसणे.’ दहा पन्नासलाच का? दिवसात एकदा पुसली म्हणजे झालं की. खारं पाणी काही घड्याळ बघून उडत नाही.

कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावलेली: ‘हलवू नये. — ह.’

का ते नाही. मेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, हा त्यांचा मोठा फायदा.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

माइक चालू होता.

काल बातम्या संपल्यावर मी स्वतःशीच म्हणाले होते की सोल्वीला एवढी हौस आहे तर तिनंच का नाही बसायचं इथं. अख्ख्या बेटानं ऐकलं. सोल्वीनंही. सकाळी दुकानात भेटली, म्हणाली, ‘आवाज मात्र छान स्पष्ट येतो तुझा.’

शनिवार, ६ सप्टेंबर

आज निळ्याच्या आधी लाल दाबलं. काही विचारू नका.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सोल्वी पत्र घेऊन आली. आमची वाहिनी ठेवायची की पल्याडच्या मोठ्या शहरातल्या वाहिनीला जोडून टाकायची, हे नगरपालिका २० नोव्हेंबरला ठरवणार. जोडली की इथं कुलूप. आमचं कुणी बघतं का, असं त्यांनी विचारलंय. बघत असतील तर दाखवा, आणि काही नवीन करा.

म्हणजे घोड्यावर आत्ता कुठं बसले, आणि हे म्हणतात शर्यत जिंकून दाखव.

त्यात आस्लाक. माझा शेजारी, एक्क्याऐंशी वर्षांचा, जन्मभर फेरीवर खलाशी होता. तोंड कायम लिंबू चोखल्यासारखं. गुनवोर, त्याची बायको, पल्याड शुश्रूषागृहात गेली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्याला बोलायला कुणी उरलं नाही म्हणून मला बोलतो. रोज दारात हजर. आवाज बारीक आहे. चित्र काळपट आहे. बातम्या वाचताना तू श्वास फार घेतेस.

मी म्हटलं, श्वास घेणं बंद केलं तर तुला अजून एक व्यवस्थापक शोधावा लागेल.

म्हणाला, ‘हालवोर घेत नव्हता.’

मंगळवार, ३० सप्टेंबर

‘नवीन काही’ केलं. जाळी विणणाऱ्या दोन म्हाताऱ्यांची मुलाखत, चाळीस मिनिटांची. तीन रात्री वाया घालवून जोडकाम केलं. आज दुकानात विचारलं, कशी वाटली? कुणी बघितलीच नाही! पावाच्या रांगेतली एक म्हणाली, अगं, त्या वेळी आम्ही जेवत होतो. त्या दोन म्हाताऱ्यांनीही नाही बघितली. आम्ही काय बोललो ते आम्हाला माहितीच होतं, म्हणे.

तक्रारींसाठी एक वही घातलीय. फोन आला की लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात राहत नाही. मुलाखतीबद्दल एकही तक्रार नाही. हेच दुःख.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आज धीर केला. चिकटपट्टी काढली आणि कॅमेरा डोंगराकडे वळवला.

किती सुंदर दिसतंय! चर्च, बर्च झाडांचा पिवळा रंग, वर ढग. इतकी वर्षं हा हालवोर लोकांना काय दाखवत होता — धक्क्याचं टोक, एक बाक आणि फेरीचा खांब! नगरपालिकेला दाखवण्यासारखं काहीतरी झालं म्हणायचं एकदाचं.

आस्लाक सकाळी चित्राबद्दल कुरकुरून गेला होता. उद्या येऊ दे, बघते काय खोड काढतो.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

सकाळी सातपासून फोन. सातपासून!

फेरी आली की नाही ते दिसत नाही, घरातून केव्हा निघायचं? धक्क्यावरचा झेंडा दिसत नाही, वारा कुठला ते कसं कळणार? एकीला नवरा खरंच होडी दुरुस्त करतोय का ते बघता येत नाही. नगराध्यक्ष टुरे यांनी स्वतः फोन केला. आवाज अगदी सरकारी: ‘फेरी दिसत नाही.’ मी म्हटलं, डोंगर दिसतो ना? ते म्हणाले, डोंगर कुठं जात नाही, तोरगुन.

वही निम्मी भरली. मुलाखतीला कुणी नव्हतं आणि रिकाम्या बाकड्याला अख्खं बेट!

हट्टाला पेटलेय मी. नाही हलवत परत.

सोमवार, १३ ऑक्टोबर

एकशे बारा फोन. बेटावर माणसं तीनशे चाळीस.

आस्लाक नाही आला. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही, आजही नाही. आधी बरं वाटलं. मग खिडकीतून बघितलं तर चूल पेटलेली, धूर येतोय, म्हणजे बरा आहे. सगळं बेट बोंबलतंय आणि एरवी ज्याचं तोंड बंद होत नाही तोच गप्प. दाढ दुखायची थांबली की जीभ तिथंच जाते, तसं झालंय माझं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

दुपारी फोन. मी वही ओढली, पेन काढलं. पण तक्रार नव्हती.

पल्याडच्या शुश्रूषागृहातली परिचारिका, मार्ते. फार संकोचून बोलत होती. म्हणाली, तुमच्या वाहिनीवर ते धक्क्याचं चित्र परत कधी येणार? आमच्याकडे एक आजी आहेत. रोज अकराला त्या खुर्ची टीव्हीकडे ओढून घेतात. एक माणूस बाकापाशी येतो, लाल टोपी काढतो, वर धरतो, परत घालतो. मग त्या जेवतात. सहा दिवस झाले, जेवण तसंच परत जातंय.

मी विचारलं, आजींचं नाव?

उत्तर मला माहीत होतं.

फोन ठेवला आणि हालवोरची वही उघडली. १०.५०, काच पुसणे. शंभर वेळा वाचलं असेल मी ते. तीस वर्षं काट्यावर बसून मला वाटायचं की वजन कळतं मला.

तशीच आस्लाककडे गेले, एप्रनसुद्धा न काढता. त्यानं दार उघडलं, बस म्हणाला नाही. मी विचारलं, तू रोज जात होतास?

‘जातोय की.’

‘कॅमेरा तिकडे नाही हे माहीत असून?’

‘तू परत फिरवलास आणि मी नेमका नसलो तर?’

ओरडलेच मी. म्हटलं, श्वासाबद्दल बोलायला रोज येत होतास, हे एक तेवढं सांगता आलं नाही? एकशे बारा जणांनी फोन केला मला, तू का नाही केलास?

त्यानं चुलीत एक लाकूड सरकवलं. म्हणाला, लोकांचं फेरीचं काम होतं. माझं काय, टोपीचं. हालवोरला तरी कुठं सांगितलं होतं? त्यानं आपणहून बघितलं.

मग शनिवारचं सांगितलं. दुपारच्या फेरीनं तिच्याकडे गेला होता, दर शनिवारी जातो तसा. ती आता त्याला ओळखत नाही. फोनवर आवाज ओळखत नाही, समोर बसला तरी परका माणूस. टोपी ओळखते, पण टीव्हीतली.

‘मी तिच्या शेजारी बसलो होतो,’ आस्लाक म्हणाला. ‘हात धरून. आणि ती टीव्हीकडे बघत होती, मी येतो का म्हणून.’

बुधवार, १५ ऑक्टोबर

हलवणं सोपं, पूर्वीच्या जागी आणणं महाकठीण! सकाळी आठपासून आस्लाकला बाकापाशी उभं केलं. मी माडीवर, खिडकीतून ओरडतेय: डावीकडे, जरा मागे, तू नाही रे, मी! तो खालून ओरडतोय: हालवोरला एकदाच जमलं होतं. मी म्हटलं, हालवोर श्वास घेत नव्हता ना, त्याला वेळ होता.

१०.५० ला काच पुसली.

११.०० ला टोपी.

११.२० ला मार्तेचा फोन. एक वाटी माशाचं सार आणि अर्धा बटाटा.

नवी चिकटपट्टी लावली. ‘हलवू नये. — त.’ खाली कारण लिहायला घेतलं आणि थांबले. ते त्यानं कुणाला सांगितलेलं नाही. मी कोण लिहिणार?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

वादळ. फेरी बंद. आस्लाक बाकाला धरून उभा, टोपी दोन्ही हातांनी वर. काच पाच वेळा पुसली. वेडा आहे तो. मीही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

नगरपालिका. सोल्वीनं बारा पानी निवेदन केलं होतं. तिसऱ्या पानावर एक सदस्य डुलकी घ्यायला लागला. टुरे म्हणाले, हे सगळं ठीक, पण आमचा प्रश्न साधा आहे: कुणी बघतं का?

मी माझी वही काढली. तक्रारींची. उभी राहून वाचायला लागले. नाव, वेळ, तक्रार. नाव, वेळ, तक्रार. सदस्य आपापली नावं आली की खुर्चीत सरकत होते. एक्केचाळीस नंबरला थांबले आणि म्हटलं, ही तुमची, टुरे. सकाळी नऊ सत्तावीस. ‘फेरी दिसत नाही.’

डुलकीवाला सगळ्यात मोठ्यानं हसला. त्रेसष्टावा तोच होता.

वाहिनी राहिली. मोठ्या शहराला नकार, एक सोडून सगळ्यांचे हात वर. बाहेर आल्यावर सोल्वी म्हणाली, बारा पानं लिहिली मी, आणि जिंकल्या शिव्या!

आस्लाकचं नाव वहीत नव्हतं. म्हणून ते वाचायचा प्रश्नच आला नाही.

घरी आले तर तो दारात. वाटलं, आज तरी दोन शब्द बरे बोलेल. म्हणाला, आज काच नीट पुसली नव्हतीस, कोपऱ्यात डाग होता.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

डाग होता. बघितलं मी.

मंगळवार, ९ डिसेंबर

गुनवोर रविवारी झोपेतच गेली. आस्लाक सोमवारी जाऊन आला.

आज सवयीनं १०.५० ला काच पुसली. पुसताना लक्षात आलं, आता कशाला. तरी कोपरेही पुसले.

अकराला तो आला. बाकापाशी थांबला, टोपी काढली, वर धरली. नेहमीपेक्षा जास्त वेळ. कॅमेऱ्याकडे बघत.

खोलीत मी एकटीच होते. मी हात वर केला.